समूहस्वराचा कस: गाणे वेगळे, ध्वनिमुद्रण वेगळे

पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या समूहगायनाचे ध्वनिमुद्रण कसे आहे, हे ठरवताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. वृंद कसा गायला, हा पहिला. आणि ते गाणे मुद्रणात कसे उतरले, हा दुसरा. ब्रिटनमधले ‘बीबीसी म्युझिक मॅगझिन’ परीक्षणात सादरीकरणाला आणि ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र तारे देते, ते यामुळेच. एकट्या गायकाच्या बाबतीत ही फोड सोपी असते, कारण माइक गळ्याजवळ असतो. समूहगायनात मात्र गायक आणि माइक यांच्यामध्ये अख्खी वास्तू येते. घुमणारे चर्च सैल गाणाऱ्या वृंदाचे दोष पोटात घालते, तर कोरडे सभागृह चांगल्या वृंदालाही उघडे पाडते. म्हणून ऐकताना जे भावले ते गळ्यांचे, भिंतींचे की रेकॉर्डिस्टचे, याचा उलगडा आधी करावा लागतो.

तयार कान, नवी रचना

हा उलगडा करायला लागणारा कान इथल्या श्रोत्याकडे बराचसा तयारच असतो. पुण्याजवळ पवनेच्या काठी वसलेल्या पिंपळे गुरवच्या ईशान्येला आळंदी आणि वायव्येला देहू आहे. नदीपलीकडच्या कासारवाडी-दापोडीच्या रस्त्याने तुकोबांची पालखी दरवर्षी पुण्याकडे जाते. विणेकरी, मृदंग वाजवणारा, टाळकऱ्यांच्या ओळी, एकाने चरण घ्यायचा आणि बाकीच्यांनी धृपद उचलायचे, ही रीत या भागातल्या श्रोत्याच्या कानात लहानपणापासून मुरलेली असते. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत या परंपरेचे शिक्षण आजही दिले जाते. लय धरून राहणे, शब्द एकदम टाकणे, आपला आवाज इतरांच्या आवाजात मिळवणे या समूहगायनाच्या मूळ कसोट्या हा श्रोता आधीच जाणतो.

फरक आहे तो रचनेत. भजनात सगळे एकच चाल गातात. बायका-पुरुष एकत्र असले तर मध्ये सप्तकाचे अंतर पडते, एवढेच. पाश्चात्त्य कॉयरमध्ये सोप्रानो आणि आल्टो हे बायकांचे उंच व खालचे आवाज, टेनर आणि बास हे पुरुषांचे उंच व खालचे आवाज असे चार गट असतात, आणि चारही गट एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गातात. काही रचनांत हा पसारा फार वाढतो. टॉमस टॅलिस या इंग्रज रचनाकाराच्या सोळाव्या शतकातल्या ‘स्पेम इन आलियम’ या रचनेत पाच-पाच आवाजांचे आठ वृंद, म्हणजे चाळीस स्वतंत्र चाली आहेत. अशा वेळी सगळ्यांत वरची चाल तेवढी पकडून चालत नाही. आतले आवाज, विशेषतः आल्टो आणि टेनर, वेगळे ऐकू येतात का, हीच वृंदाची आणि मुद्रणाची पहिली परीक्षा असते.

हे संगीत महाराष्ट्राला आणि गोव्याला परके नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई; शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात गायले जाणारे मोतेत त्याच परंपरेतले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये परंज्योती अकादमी कोरस उभा केला. त्यांच्या निधनानंतर १९६७ पासून तो कूमी वाडिया यांनी सांभाळला. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. वनराज भाटिया यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य स्वरसंवाद यांची सांगड घालत समूहस्वरासाठी रचना केल्या. सलील चौधरी यांचा ‘बॉम्बे यूथ कॉयर’ १९५० च्या दशकातला. या वृंदांना ऐकताना जे निकष लागतात, तेच लंडनच्या किंवा बर्लिनच्या वृंदालाही लागतात.

सूर: शुद्ध गंधाराची कसोटी

जागतिक पातळीवरच्या ‘वर्ल्ड कॉयर गेम्स’मध्ये परीक्षक चार गोष्टींना गुण देतात: सुरेलपणा, आवाजाचा दर्जा, स्वरलिपीशी इमान आणि एकूण कलात्मक परिणाम. या यादीत सुरेलपणा पहिला आहे, आणि ध्वनिमुद्रणातही तो सगळ्यांत आधी तपासता येतो.

इथे मराठी श्रोत्याचा कान एक पाऊल पुढे असतो. चांगला जुळलेला तानपुरा छेडला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. हा गंधार षड्जाच्या पाचव्या स्वरांशातून निघतो आणि षड्जापासून ३८६ सेंट अंतरावर असतो. सेंट म्हणजे सप्तकाचा १,२०० वा भाग. पियानोचा किंवा साध्या हार्मोनियमचा गंधार ४०० सेंटवर, म्हणजे १४ सेंट चढा असतो. साथीशिवाय गाणारा कसलेला कॉयर लांब थांबलेल्या स्वरसंवादात पियानोचा गंधार सोडून तानपुऱ्याच्या गंधाराकडे सरकतो. तो नेमका लागला की आवाजांमधली थरथर थांबते आणि स्वरसंवाद स्थिर होऊन घुमू लागतो. वृंद कणसूर असेल तर त्याच जागी आवाज तरंगल्यासारखा, किंचित गढूळ वाटतो. रचनेतला एखादा दीर्घ विश्रांतीचा स्वर निवडून तेवढाच दोन-तीनदा ऐकला, तर ही पारख सहज जमते.

दुसरी तपासणी संपूर्ण रचनेची. साथीशिवाय गाताना वृंदाचा सूर हळूहळू उतरतो. दर ओळीला अगदी थोडा उतार पडला, तरी पाच-सात मिनिटांत अर्ध्या स्वराचा फरक पडू शकतो. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपवर सुरुवातीचा षड्ज लावून शेवटचा स्वर त्याच्याशी ताडून पाहिला की हा उतार उघड होतो. मात्र सुरुवातीचीच पट्टी अपेक्षेपेक्षा खाली असणे हा दोष नाही. जुन्या काळच्या वाद्यांसह गाणारे अनेक वृंद मध्य ‘ए’ स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला धरतात, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली.

आवाजांची मिळवणी

समूहाचा आवाज हा सुट्या आवाजांची नुसती बेरीज नसतो. सगळे गायक तंतोतंत एकाच क्षणी, एकाच कंपनसंख्येवर कधीच गात नाहीत. या बारीक फरकांमुळेच समूहस्वराला त्याचा रुंद, मऊ पोत येतो. फरक मर्यादेत राहिले तर आवाज एकजीव होतो. वाढले तर एक-एक गळा बाहेर डोकावू लागतो. बहुतेक वेळा असा डोकावणारा आवाज जास्त कंप असलेल्या सोप्रानोचा किंवा जोर लावणाऱ्या टेनरचा असतो. ऑपेराच्या वृंदात थोडा जादा कंप खपतो, पण सोळाव्या शतकातल्या साथीविरहित रचनेत तोच कंप स्वरसंवादाची कड बोथट करतो. निकष रचनेप्रमाणे बदलतात ते असे.

संख्या वाढली की आवाज त्याच पटीत वाढतो, हाही समज चुकीचा आहे. चाळीस गायकांचे ऐंशी केले तर पातळी जेमतेम तीन डेसिबलने वाढते. मोठ्या वृंदाचा खरा फायदा जोरात नसून भरीवपणात आणि हळू गाण्यात आहे. शंभर जण अगदी हलक्या आवाजात गातात तेव्हा जो पोत येतो, तो दहा जणांना आणता येत नाही. उलट दहा-बारा जणांच्या वृंदात गुंतागुंतीच्या चाली जितक्या स्वच्छ ऐकू येतात, तितक्या शंभरांच्या वृंदात येत नाहीत. अमेरिकन संगीतज्ञ जोशुआ रिफ्किन यांनी बाखच्या ‘बी मायनर मास’चे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले मुद्रण प्रत्येक चालीला एकच गायक ठेवून केले आणि मोठा वाद उठला. ते मुद्रण आणि शंभर जणांच्या वृंदाचे जुने मुद्रण पाठोपाठ ऐकले, तर संख्येने काय मिळते आणि काय जाते हे एका बैठकीत कळते.

शब्द, श्वास आणि लय

समूहगायनातली शिस्त स्वरांपेक्षा व्यंजनांत लवकर उघडी पडते. ओळ ‘स’, ‘त’ किंवा ‘क’ने संपत असेल आणि पन्नास जणांनी ते व्यंजन मागेपुढे टाकले, तर एका ‘स’ऐवजी फुसफुस ऐकू येते. उत्तम वृंदात ते एकाच ठोक्यावर पडते. यामागे साधे भौतिकशास्त्रही आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. पंधरा मीटर रुंद उभ्या असलेल्या वृंदात एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. कानाने एकमेकांना धरून गाणारा वृंद अशाने मागे रेंगाळतो. म्हणून कानापेक्षा संचालकाच्या हातावर नजर ठेवावी लागते. मुद्रणात शब्द एकत्र पडत असतील, तर त्या संचालकाचे आणि तालमींचे ते यश असते.

स्वरांचे उच्चार तपासताना मात्र एक सवलत द्यावी लागते. ‘ई’सारख्या स्वराची ओळख ज्या कंपनसंख्यांवरून पटते, त्यातली पहिली सुमारे ३०० हर्ट्झला असते. सोप्रानो ८८० हर्ट्झच्या उंच स्वरावर पोचली की तिचा मूळ सूरच त्या ओळखीच्या वर जातो, आणि ‘ई’, ‘आ’, ‘ऊ’ एकसारखे ऐकू येऊ लागतात. सर्वांत उंच जागी शब्द कळला नाही तर दोष गायिकांचा नसतो. मधल्या पट्टीत कळला नाही तर मात्र असतो.

दीर्घ ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की आवाजाला भोक पडते. त्यामुळे गायक आळीपाळीने, शब्दाच्या मध्येच चोरून श्वास घेतात, आणि ओळ अखंड वाटते. ओळ जिथे तुटायला नको तिथे तुटली तर तालीम कमी पडली आहे, असे समजावे.

यापुढची गोष्ट अर्थाची. याचनेची ओळ आणि स्तुतीची ओळ एकाच वजनाने गायली गेली, तर सूर-लय अचूक असूनही गाणे कोरडे राहते. आवाज वाढताना सूर चढतो का, कमी होताना उतरतो का, आणि शांत जागी ओळीतला ताण टिकतो का, यावरून वृंदाचा पक्केपणा समजतो. सगळे मोठ्याने गाऊ शकतात. हळू आणि तरीही भरलेल्या आवाजात गाणे हे थोड्यांनाच साधते.

वास्तू: न दिसणारा गायक

गाण्याचा निवाडा झाला की मुद्रणाकडे वळावे, आणि सुरुवात जागेपासून करावी. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात शब्द कळत नसत. तिथे १८९५ पासून वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि घुमाऱ्याचा नियम शोधला: जागेचे आकारमान वाढले की घुमारा लांबतो, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग वाढले की तो आखडतो. आवाज थांबल्यावर तो साठ डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे घुमाऱ्याचा काळ.

नाटकाच्या सभागृहात हा काळ साधारण एक सेकंदाच्या आसपास ठेवतात, कारण तिथे संवाद कळायला हवेत. पडदे, विंगा आणि गादीच्या खुर्च्या आवाज शोषून घेतात. पिंपळे गुरवमधल्या महापालिकेच्या नटसम्राट निळू फुले रंगमंदिरासारख्या नाट्यगृहांचे हेच प्रयोजन आहे. अशा जागी कॉयर उभा केला तर शब्द लख्ख कळतात, पण स्वर सोडताक्षणी संपतो. एका गटाची चाल दुसऱ्या गटाच्या चालीत मिसळायला हवा तसा वेळच मिळत नाही. मोठ्या वाद्यवृंदाच्या सभागृहात हा काळ दोन सेकंदांच्या आगेमागे असतो. जुन्या गोव्यातल्या चर्चसारख्या उंच कमानींच्या, दगडी आणि गिलावा केलेल्या भिंतींच्या वास्तूत तो त्याहून बराच लांबतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चर्चसंगीतात स्वरसंवाद सावकाश बदलतात. अशा घुमणाऱ्या वास्तूंना हे संगीत मानवते. तीच चाल कोरड्या जागी ओढल्यासारखी वाटते. दिंडीतले भजन याच्या दुसऱ्या टोकाला आहे. उघड्या रस्त्यावर भिंती नसतात, घुमारा जवळपास शून्य असतो, आणि टाळांचा अखंड नाद स्वरांमधली मोकळी जागा भरून काढतो.

त्यामुळे लय योग्य आहे की नाही, हे वास्तू लक्षात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. जाणता संचालक घुमणाऱ्या जागी लय किंचित रोखतो आणि व्यंजने टोकदार करतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये डेव्हिड विलकॉक्स यांच्या संचालनाखाली १९६३ मध्ये झालेले अलेग्रीच्या ‘मिझेरेरे’चे मुद्रण या दृष्टीने ऐकण्याजोगे आहे. रॉय गुडमन या मुलाचा अत्युच्च स्वर तिथल्या उंच छतात विरत जातो, आणि पुढची ओळ त्याची आस संपेपर्यंत थांबते. इथे वास्तू रचनेचाच भाग होते.

माइक कुठे होता

तीच वास्तू, तोच वृंद. पण माइक दोन मीटर पुढेमागे केला तरी मुद्रण बदलते. जवळ ठेवला तर शब्द आणि श्वास स्पष्ट येतात, पण पहिल्या ओळीतले दोन-तीन गळे सुटे ऐकू येतात आणि वृंद मिळून येत नाही. लांब ठेवला तर आवाज एकजीव होतो, पण शब्द घुमाऱ्यात बुडतात. या दोहोंमधली नेमकी जागा सापडणे हेच रेकॉर्डिस्टचे कौशल्य.

हा प्रश्न जुनाच आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये २९ जून १८८८ रोजी हेंडेलच्या ‘इस्राएल इन ईजिप्त’चे सुमारे चार हजार गायकांनी केलेले गायन एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित झाले. ते आज ऐकले तर लांबून येणाऱ्या गलक्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. कर्ण्यातून मुद्रण होत असेपर्यंत मोठा वृंद पकडता येत नव्हता. १९२५ मध्ये विजेच्या माइकने मुद्रण सुरू झाले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये साडेआठशे गायकांच्या वृंदाची तबकडी निघाली. १९३१ मध्ये ॲलन ब्लूमलाइन यांनी स्टीरिओचे पेटंट मागितले. १९५० च्या दशकात डेक्का कंपनीने संचालकाच्या डोक्यावर त्रिकोणात तीन माइक टांगण्याची पद्धत रुळवली. फ्रेंच रेडिओने दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात ठेवण्याची पद्धत आणली. माणसाच्या दोन कानांएवढ्याच अंतरावरची ही मांडणी आजही लहान वृंदांसाठी वापरली जाते.

श्रोत्याला यातली यंत्रे माहीत असण्याची गरज नाही. त्याने तीन गोष्टी ऐकाव्यात. पहिली, रुंदी: सोप्रानो आणि बास निरनिराळ्या दिशांनी येतात की सगळा वृंद मधोमध गोळा झाला आहे? दुसरी, खोली: वाद्यवृंद पुढे, वृंद मागे आणि ऑर्गन त्याहून मागे, असे थर जाणवतात का? तिसरी, प्रमाण: एकल गायक माणसाच्या आकाराचा वाटतो, की त्याच्यासमोर खास माइक लावल्यामुळे तो शंभर जणांच्या वृंदापेक्षा मोठा झाला आहे?

मोठा आवाज, बारीक खोट

समूहगायनात आवाजाची वरची आणि खालची टोके फार लांब असतात. वेर्दीच्या ‘रेक्विएम’मध्ये कुजबुजीइतक्या हळू आवाजापासून मोठ्या ढोलाच्या ठोक्यांसह पूर्ण वृंदाच्या गर्जनेपर्यंत मजल जाते. मुद्रणाची पातळी चढी ठेवली तर अशा जागी आवाज फाटतो, किंवा चिरडल्यासारखा होऊन त्याचे थर नाहीसे होतात. १९६० च्या दशकातल्या टेपवरच्या कित्येक नामांकित मुद्रणांत वृंदाच्या शिखरावर हा दोष ऐकू येतो. सीडीत सोळा बिटांमुळे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला उपलब्ध झाला आणि ही अडचण कमी झाली. पण हळू आणि मोठा आवाज मुद्दाम जवळ आणून सगळे सपाट करण्याची सवय नव्या काळातही आहे. शांत जागा आणि गर्जना जवळजवळ सारख्याच मोठ्या वाटल्या, तर ते याचेच लक्षण.

‘स’ची बरीचशी ऊर्जा साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर असते. तिथे मुद्रण तिखट असेल तर प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो. बोथट असेल तर वृंद पडद्याआडून गातो असे वाटते. सेकंदाला १२८ किलोबिटची एमपी३ फाइल याच जागी अडखळते. पन्नास जणांचा एकत्र ‘स’ हा यंत्राला जवळपास नुसत्या खरखरीसारखा, म्हणून दाबून लहान करायला अवघड असतो. त्यामुळे इंटरनेटवरची हलकी फाइल ऐकून मूळ मुद्रणाला नावे ठेवू नयेत. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा असतो; तुलना करायची तर त्या दर्जाच्या प्रतीवरून करावी.

बाहेरचा गोंगाट आणि जोडकाम या शेवटच्या दोन गोष्टी. लंडनचा किंग्जवे हॉल ध्वनिमुद्रणासाठी जगप्रसिद्ध होता, तरी खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर तिथल्या अनेक तबकड्यांत शिरली आहे. पिंपळे गुरवच्या पलीकडून पुणे-लोणावळा लोकल आणि मेट्रो जातात. अशा परिसरात मुद्रण करणाऱ्यालाही हीच अडचण येणार. अशी घरघर गाण्याच्या गुणातून वजा करू नये, पण मुद्रणाच्या गुणातून किती वजा करायची हे ती किती वेळा आणि कोणत्या जागी ऐकू येते त्यावर ठरवावे. जोडकामाची खूण घुमाऱ्यात सापडते. ओळ संपल्यावर तिची आस अर्ध्यात तुटली किंवा घुमाऱ्याचा रंग अचानक बदलला, तर तिथे दोन वेगळ्या वेळचे गायन जोडलेले असते. घुमारा यंत्राने चढवला असेल तर तो बहुधा सगळ्या आवाजांना सारखाच चिकटतो. खऱ्या वास्तूत पुढच्या आणि मागच्या ओळींच्या आवाजाला तो निरनिराळा लागतो.

एक उदाहरण: ‘वॉर रेक्विएम’

वरचे बहुतेक निकष एकाच ठिकाणी लावून पाहायचे तर बेंजामिन ब्रिटन यांचे ‘वॉर रेक्विएम’ सोयीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कोव्हेंट्री कॅथेड्रलच्या नव्या इमारतीसाठी ते लिहिले गेले आणि ३० मे १९६२ रोजी तिथे प्रथम सादर झाले. जानेवारी १९६३ मध्ये किंग्जवे हॉलमध्येच डेक्काने ते मुद्रित केले. संचालक स्वतः ब्रिटन आणि निर्माते जॉन कल्शॉ होते.

रचनेत तीन थर आहेत. सोप्रानो, मोठा वृंद आणि पूर्ण वाद्यवृंद लॅटिन प्रार्थना गातात-वाजवतात. टेनर आणि बॅरिटोन लहान वाद्यसमूहासह इंग्रजी युद्धकविता गातात. मुलांचा वृंद ऑर्गनसह लांबून ऐकू यावा, अशी रचनाकाराची सूचना आहे. गायनाच्या बाजूने पाहायचे ते असे: मोठा वृंद अतिशय हळू आवाजात गातानाही सूर टिकवतो का, आणि पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या भागाच्या अखेरीस येणारा अवघड, साथीविना स्वरसंवाद नेमका लागतो का. मुद्रणाच्या बाजूने पाहायचे ते असे: तिन्ही थर तीन अंतरांवर राहतात का, मुलांचे आवाज लांबचे वाटूनही शब्दांसह कळतात का, आणि सगळे एकत्र येतात त्या शेवटच्या भागात हे थर एकमेकांत चिरडले जातात का. ज्या मुद्रणात मुलांचा वृंद नुसता बारीक आवाजात ऐकू येतो पण लांब वाटत नाही, तिथे गायक निर्दोष असूनही रचनेचा हेतू हुकतो. गायन आणि मुद्रण यांचे गुण वेगवेगळे मांडले तरच हा फरक नोंदवता येतो.

घरातली खोली

ज्या खोलीत ऐकायचे, ती खोलीही निकालात भर घालते. फ्लॅटमधल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असतील, तर एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून झिणझिणता पडसाद आला, तर तोच पडसाद वृंदाच्या प्रत्येक ‘स’लाही लागणार. जाड पडदे, सतरंजी, भरलेले पुस्तकांचे कपाट यांनी तो कमी होतो. बारा फुटी भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा आवाज अडकून फुगतो. ऑर्गनचा खालचा एखादा स्वर एकाएकी दणदणला, तर दोष मुद्रणाला देण्याआधी दोन पावले सरकून पुन्हा ऐकावे. स्वर तिथे शांत झाला तर दोष खोलीचा.

छताचा पंखा चालू असताना वृंदाची शांत जागा आणि घुमाऱ्याची शेपटी दोन्ही बुडतात. रात्री, पंखा बंद करून, स्पीकरपासून आणि दोन्ही स्पीकरमध्ये सारखे अंतर ठेवून बसले तर थर सगळ्यांत स्पष्ट होतात. हेडफोनवर श्वास, जोडकाम आणि खरखर नीट कळते, पण वृंद डोक्याच्या आत असल्यासारखा भासतो आणि आवाजाची खोली जोखता येत नाही. म्हणून दोष हेडफोनवर शोधावेत, थर स्पीकरवर तपासावेत.

निवाड्याचा क्रम

एकाच रचनेची दोन मुद्रणे निवडावीत आणि त्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, कारण जरा मोठे वाजणारे मुद्रण कानाला उगाचच सरस वाटते. पहिल्यांदा फक्त गायन ऐकावे: दीर्घ स्वरसंवादातला सूर, आतले आवाज, ओळीअखेरची व्यंजने, श्वास, शांत जागा. दुसऱ्यांदा फक्त मुद्रण ऐकावे: घुमारा, माइकचे अंतर, थर, शिखरावरचा आवाज, गोंगाट, जोड. दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात.

दोन नोंदी जुळल्या तर काम सोपे होते. न जुळल्या तर पारडे गायनाकडे झुकवावे, कारण जुन्या टेपची खरखर कानाला काही मिनिटांत सवयीची होते, पण कणसूर वृंद दर वेळी तितकाच खटकतो. अपवाद आहे तो ज्या रचनांत जागा आणि अंतर हेच संगीताचे द्रव्य आहे त्यांचा. टॅलिसच्या चाळीस चाली किंवा ब्रिटनचा लांबून गाणारा मुलांचा वृंद यांच्या बाबतीत मुद्रण फसले, तर गायनातला तो भाग श्रोत्यापर्यंत पोचतच नाही. तिथे दोन्ही नोंदींना सारखे वजन द्यावे लागते.